मुंबई ते नागपूर विमानाने ६८३ किलोमीटर, मग दीड तास कसला?

गार्डाची लेक (डोंबिवली पूर्व)

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाही, बाबांचा आहे. पण त्याचं पटेल असं उत्तर मिळेपर्यंत ते तिकीट काढू देत नाहीयेत, म्हणून इथे विचारते.

बाबांचं वय ७९. मध्य रेल्वेत गार्ड होते, कल्याण-भुसावळ. निम्मी नोकरी मालगाडीवर, उरलेली मेल-एक्सप्रेसवर. (२०२२ पासून गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. बाबांचं म्हणणं, मॅनेजर बँकेत असतो.) निवृत्तीला एकोणीस वर्षं झाली, पण अजून भाजी आणायला गेले तरी निघाल्याची आणि परतल्याची वेळ वहीत लिहितात.

फेब्रुवारीत नागपूरला आतोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीच्या आधी झालं. विदर्भ एक्सप्रेसचे तेरा-चौदा तास नकोत, असं डॉक्टरांनीच सांगितलं. म्हणून विमान. बाबा आजवर विमानात बसलेले नाहीत आणि बसायची त्यांना भीतीही नाही. घोडं अडलंय ते वेळापत्रकावर.

मोबाइलवर त्यांना दाखवलं: मुंबई सुटणार १४:५०, नागपूर पोहोचणार १६:२०. मग अंतर विचारलं. एका साइटवर दोन विमानतळांमधलं अंतर ६८३ किमी दिसलं. वेग विचारला. म्हटलं, साधारण ८५०. झालं! वीजबिलाच्या पाठीवर गणित मांडलं. ६८३ भागिले ८५०, गुणिले ६०. उत्तर ४८ मिनिटं. "मग उरलेली ४२ मिनिटं गेली कुठं? मध्ये क्रॉसिंगला उभी राहते का?"

मी म्हटलं, ट्रॅफिक असतो. त्यांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं.

परतीचं तिकीट तर आणखी वाईट. तेच अंतर, आणि वेळ १ तास ४० मिनिटं. "अप-डाउनला दहा मिनिटांचा फरक आम्हाला कसाऱ्याच्या घाटाने पडायचा. यांना कुठला घाट?"

त्यात दुसऱ्या एका साइटवर अंतर ७०० च्या आसपास निघालं आणि आत्याचा मुलगा फोनवर छातीठोकपणे ८३७ म्हणाला. बाबांच्या मते ज्या लाइनचं अंतरच नक्की नाही तिच्यावर गाडी सोडू नये.

तर कोणी त्यांच्या भाषेत समजावू शकेल का? आणि एक प्रश्न माझा: डोंबिवलीहून सहार सोयीचं की नवं नवी मुंबई विमानतळ? गुडघा लक्षात घेऊन सांगा.


सहारची रात्रपाळी

ताई, बाबांना आधी नमस्कार सांगा. त्यांचा प्रश्न बरोबर आहे. मी सतरा वर्षं विमानतळावर आहे, लोड आणि ट्रिमचं काम, म्हणजे कुठल्या कप्प्यात किती सामान ठेवायचं याचा हिशोब. विमान उडवत नाही, पण सुटायला उशीर का झाला हे सगळ्यांत आधी आम्हालाच विचारतात.

तिकिटावरची वेळ ही उडाल्यापासून टेकेपर्यंतची नसते. विमानाच्या चाकाला ठोकळा लावलेला असतो, आम्ही त्याला चॉक म्हणतो. चॉक निघून विमान जागेवरून हललं तिथे वेळ सुरू. नागपुरात जागेवर उभं राहून चॉक लागला की वेळ संपली. याला ब्लॉक टाइम म्हणतात. सुटायच्या आणि पोहोचायच्या वेळा याच हिशोबाने छापतात.

बाबांचं ४८ मिनिटांचं गणित चुकलेलं नाही. फक्त त्यात गाडी प्लॅटफॉर्मवरूनच ताशी ८५० ने सुटते आणि नागपूरच्या प्लॅटफॉर्मवर ८५० नेच शिरते.

आता ती ४२ मिनिटं. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. फुलीसारख्या. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत. काम एकाच पट्टीवर, आणि दिवसाला हजाराच्या घरात विमानं चढ-उतार करतात. म्हणजे टगने (विमान ढकलणाऱ्या गाडीने) मागे ढकललं की रांग. दुपारी वीस-पंचवीस मिनिटं जमिनीवरच जाणं रोजचं आहे.

मग उडालात, तर बहुतेक दिवस विमान पश्चिमेला उडतं, जुहूवरून समुद्रावर. नागपूर कुठे? पूर्वेला. म्हणजे पाठ फिरवून निघायचं आणि वळून परत यायचं. त्यात दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉटच्या वर वेग न्यायचा नाही असा नियम आहे. म्हणजे ताशी ४६३ किमी. बाबांच्या भाषेत कॉशन ऑर्डर! वर चढायला पंधरा-वीस मिनिटं, आणि नागपूर दोनशे किमी उरलं की उतरायला सुरुवात. ६८३ मधलं सपाट किती राहिलं? तीनशे, फार तर साडेतीनशे. ८५० चा वेग त्या तुकड्यापुरता.

एवढं करूनही ब्लॉक टाइममध्ये थोडी शिल्लक घातलेली असतेच. ती कशाला, हे गार्डसाहेबांना मी काय सांगणार!

आता तुमचा प्रश्न. नवी मुंबई विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालं. तिथलं काम चांगलं आहे, पण डोंबिवलीहून शिळफाटा ओलांडायचा आहे हे विसरू नका. दोन विमानतळं हवेतून पंचवीस किमीच्या आत, रस्त्याने चाळीसच्या घरात. तिकीट काढताना कोड बघा: बीओएम म्हणजे आमचं सहार-सांताक्रूझ, तो कोड बॉम्बेपासून राहिलाय. एनएमआय म्हणजे नवी मुंबई. बीओएममध्येही टी-१ की टी-२ ते वाचा. दोन्हींच्या मध्ये धावपट्टीचा पसारा आहे, चालत जायची गोष्ट नाही. चुकीच्या टर्मिनलवर बॅगा ओढत आलेली माणसं मी रोज बघतो.

आणि व्हीलचेअर तिकिटासोबतच नोंदवा. दारात मागितली तर मिळते, पण वाट बघावी लागते.


घाटमाथा

एवढा खटाटोप कशाला? समृद्धीने जा. ७०१ किमी, आठ तास, जून २०२५ पासून आमण्यापर्यंत पूर्ण सुरू आहे. वाटेत हवं तिथे थांबता येतं.


गार्डाची लेक

@घाटमाथा, आठ तास गाडीत गुडघा मुडपून बसायचं असतं तर प्रश्न विदर्भ एक्सप्रेसनेच मिटला असता. तिथे निदान पाय पसरता येतात.

@सहारची रात्रपाळी, दादा, तुमचं उत्तर मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. "पाठ फिरवून निघायचं" इथे हसले. शिल्लकीची ओळ दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "अगं, ही तर इंजिनीअरिंग अलाउन्स." रेल्वेच्या वर्किंग टाइमटेबलात म्हणे प्रत्येक सेक्शनमध्ये अशी काही मिनिटं घातलेली असतात. ट्रॅकचं काम निघालं, सिग्नलला गाडी अडकली, तर ती खर्च करायची. नाही लागली तर गाडी शेवटच्या स्टेशनाबाहेर उभी करायची. प्रवाशाला वाटतं, दादर दिसतंय तरी गाडी का हलत नाही. ती हलत नाही कारण ती बिफोर आहे, म्हणजे वेळेच्या आधी आलीय!

म्हणजे ४२ मिनिटांचा हिशोब लागला. अंतराचा आणि "घाटाचा" अजून लागलेला नाही. तिकीट तसंच.


नकाशाचा नाद

मी भूगोल शिकवत असे. आता विलेपार्ल्याच्या घराच्या गच्चीत बसून विमानं मोजतो.

अंतराच्या चारही आकड्यांत खोटं काहीच नाही. फक्त कुठून कुठपर्यंत मोजलं हे कोणी सांगत नाही. ६८३ हे सहार ते सोनेगाव, म्हणजे नागपूरचं विमानतळ, सरळ हवेतून. वैमानिकाच्या कागदावर तेच ३६९ सागरी मैल दिसेल, एक सागरी मैल १.८५२ किमीचा. ७०० वाल्या साइटने बहुधा शहर ते शहर मोजलंय. फोर्टातून नागपूरच्या शून्य मैलाच्या दगडापर्यंत दोरा ताणलात तर ६९८ च्या आसपास येतं. समृद्धीचे ७०१ आमण्यापासून, म्हणजे भिवंडीच्या पुढून. आणि ८३७ हे रेल्वेचं, सीएसएमटी ते नागपूर. तुमच्या आतेभावाने लहानपणी तिकिटावर वाचलं असेल.

रेल्वे एवढी लांब का, हे गार्डकाकांना नकाशावर दाखवा. विमानाची रेघ मुंबईहून निघून छत्रपती संभाजीनगराच्या जवळून जाते. रेल्वे मात्र कसाऱ्याहून मनमाड, जळगाव करत वर भुसावळला जाते आणि तिथून अकोल्याकडे खाली उतरते. विमानाच्या रेघेपासून भुसावळ शंभर किमीहून जास्त उत्तरेला आहे. जीआयपीने (म्हणजे मध्य रेल्वेच्या आधीच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने) भुसावळहून नागपूरचा फाटा काढला तो १८६७ मध्ये पूर्ण झाला. मुख्य लाइन जबलपूरकडे जायची होती आणि खालच्या फाट्याला वऱ्हाडातला कापूस हवा होता. मुंबईहून नागपूरला माणसं लवकर पोहोचावीत हा विचार त्यात फारसा नव्हता.

काकांना आवडेल अशी एक गोष्ट: अकोला, बडनेरा विमानाच्या डाव्या हाताला राहतात आणि वर्धा उजव्या हाताला. म्हणजे रेल्वे मध्येच कुठेतरी विमानाखालून पलीकडे जाते. मी पट्टी लावून बघितलं, धामणगावच्या आसपास येतं. प्रत्यक्षात विमान हवाई मार्गांप्रमाणे थोडं इकडे-तिकडे होईल, तेव्हा मिनिटावर बोट ठेवू नका.

जागा उजवीकडची घ्या. हवा स्वच्छ असेल तर पैठणचा नाथसागर आणि पुढे लोणारचं विवर त्या बाजूला आहे. ऊन मात्र त्याच बाजूने येईल.

आता घाट. घाट आहे, पण वाऱ्याचा. हिवाळ्यात आपल्या डोक्यावर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा असतो. फेब्रुवारीत तो ताशी शंभर किमीच्या आसपास असला तर नवल नाही. नागपूरला जाताना तो पाठीशी, येताना छातीवर. तासाभराच्या प्रवासात एका बाजूला सहा-सात मिनिटं वाचतात, दुसऱ्या बाजूला तेवढीच जातात. मी वर्गात सांगायचो: वाहत्या नदीत होडी, तेवढंच.

गंमत पावसाळ्यात. जुलै-ऑगस्टमध्ये द्वीपकल्पावर वरचं वारं उलटं फिरतं, पूर्वेकडून वाहतं. त्याचा जोर आपल्यापेक्षा दक्षिणेला जास्त, पण आपल्याकडचा पश्चिम वारा त्या दिवसांत गेलेला असतो. खाली नैर्ऋत्य मोसमी, वर पूर्वेचा. मुलांना हे कधी खरं वाटायचं नाही.


सोनेगावचा शेजारी

काकाजींना सांगा, नागपूरकडून काही टेन्शन नाही. तुमच्या मुंबईत विमान लायनीत लागते, इथं उतरते अन् उभं राहते. मी सोनेगावलाच राहतो, दिवसभर डोक्यावरून जाऊन राहिले ना बाप्पा. बॅग घेऊन बाहेर यायला वीस मिनिटं बी नाही लागत.

एक गोष्ट कोणी सांगितली नाही. नागपूर मुंबईच्या सव्वासहा रेखांश पूर्वेला आहे. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य इथं पंचवीस मिनिटं आधी बुडते. घड्याळ सारखंच, पण अंधार लवकर. माझे मुंबईचे साडूभाऊ दर वेळी विचारतात, "एवढ्या लवकर दिवे लावले?" काकाजींच्या वहीत तेही लिहायला सांगा.

रात्रीचं थंड आहे अजून, स्वेटर आणा. कार्यक्रम कुठं आहे? प्रतापनगर असेल तर विमानतळाहून जवळच आहे, टॅक्सीवाल्याला जास्त देऊ नका.


सहारची रात्रपाळी

मास्तरांनी वारा चांगला सांगितला. परतीची दहा मिनिटं सगळी वाऱ्याची नाहीत. संध्याकाळी मुंबईत उतरायलाही रांग असते, ती धरलेली असते. विमान थांबू शकत नाही, म्हणून त्याला वरच गोल फिरवत ठेवतात.

गार्डसाहेबांसाठी अजून एक. वर पण अप आणि डाउन वेगळी आहे. पूर्वेला जाणारं विमान विषम हजारांच्या उंचीवर, ३३ हजार, ३५ हजार फूट. पश्चिमेला येणारं सम हजारांवर, ३४, ३६. मध्ये हजार फुटांचं अंतर. एकाच रेघेवर दोन्ही, पण एकमेकांच्या डोक्यावरून.


गार्डाची लेक

तिकीट काढलं! अप-डाउनच्या निरोपाने काम केलं. "मग ठीक आहे, डबल लाइन आहे," म्हणाले.

@नकाशाचा नाद, सर, माफ करा, जागा डावीकडची घेतलीय. लोणार नको म्हणाले, अकोला त्या बाजूला आहे ना. भुसावळ शंभर किमीवर, दिसणार नाही, हे सांगितल्यावर मात्र थोडा वेळ गप्प बसले. मग, "म्हणजे तेहतीस वर्षं आम्ही वळसा घालत होतो." नकाशा अजून फ्रिजवर लावलेला आहे, त्यावर पेन्सिलीने रेघ.

@सोनेगावचा शेजारी, प्रतापनगरच! तुम्हाला कसं कळलं?


गार्डाची लेक

काल रात्री परत आलो. ज्यांनी ज्यांनी उत्तरं दिली त्यांच्यासाठी बाबांच्या वहीतली नोंद जशीच्या तशी उतरवते. गार्डाची रफ जर्नल असते तशी त्यांनी नवीन वही केली होती, रकाने आखून.

घर सोडलं ११:०५. डोंबिवली फास्ट ११:३२, चार मिनिटं लेट. घाटकोपर १२:०९. तिथून मेट्रो १, मरोळ नाका १२:३१. मेट्रो ३, एकच स्टेशन, टी-२ १२:५२. (मी टॅक्सी म्हणत होते. ते म्हणाले, लोकल माझी आहे, टॅक्सी कोणाची कोण जाणे. दुपारची वेळ होती म्हणून ऐकलं. गर्दीच्या वेळी कोणी असलं धाडस करू नये. मरोळ नाक्याला लिफ्ट शोधण्यात वेळ गेला तो वहीत आहे.)

व्हीलचेअरवरून युद्ध झालं. "मी पार्सल नाही." शेवटी बसले. नोंद अशी आहे: "सामान: बॅग १, गार्ड १."

दार बंद १४:४१. हलली १४:४९. पुढे सहा विमानं, एकामागोमाग एक, बाबांनी खिडकीतून शेपट्या मोजल्या. उडाली १५:१४. समुद्र दिसला, मग वळली, मुंबई डाव्या खिडकीतून परत आली. इथे त्यांनी माझा हात धरला होता. हे वहीत नाही, मी सांगते.

सपाट १५:३२. ते कसं ठरवलं तर पाण्याची अर्धी बाटली समोरच्या टेबलावर ठेवली होती. चढताना पाणी तिरकं दिसत होतं, आडवं झालं ती वेळ. पाणी पुढे कललं १५:५०. म्हणजे सपाट धाव अठरा मिनिटांची! सहारच्या दादांनी सांगितलं होतं तरी एवढी थोडी असेल असं मलाही वाटलं नव्हतं. हवाईसुंदरीने टेबल बंद करायला सांगितलं तेव्हा, "दोन मिनिटं, पाणी स्थिर होऊ द्या," असं तिला ऐकवलं. ती बिचारी पाणी प्यायचंय समजून थांबली.

टेकली १६:१३. उभी १६:१८.

म्हणजे हवेत ५९ मिनिटं, जमिनीवर मुंबईत २५, नागपुरात ५. आणि सुटायची वेळ पाळून, पंचवीस मिनिटं रांगेत घालवून, वर दोन मिनिटं बिफोर! नागपूरला जिन्यावरून उतरताना (व्हीलचेअरसाठी लिफ्टची गाडी येत होती, थांबले नाहीत) त्यांचं म्हणणं असं: "पंचवीस मिनिटं मारून गाडी बिफोर येते म्हणजे वेळापत्रकात चरबी आहे." मला वाटलं खूश होतील. बिफोर येणं त्यांच्या लेखी लेट येण्याइतकंच वाईट, वेळापत्रक करणाऱ्याला सेक्शन माहीत नाही असा अर्थ.

आत्याच्या दारात १७:०६. एकूण सहा तास एक मिनिट, त्यातला हवेत तासही पूर्ण नाही. सूर्यास्ताची नोंद आहे, शेजारीकाका. आतोबांच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते आणि त्याच वेळी मला डोंबिवलीला शेजारच्या वहिनींना फोन करायला लावला, "तुमच्याकडे अजून ऊन आहे का?" होतं, भिंतीवर.

धामणगाव दिसलं का? खरं सांगायचं तर खाली सगळं सारखंच दिसत होतं, तपकिरी चौकोन, मध्ये चमकणारं पाणी. बाबांनी एका सरळ काळ्या रेघेकडे बोट दाखवून "ती आपली लाइन" म्हटलं. रस्ता असेल, कालवा असेल. मी हो म्हटलं.

परतीची. सुटायची १९:१०, हलली १९:०८, उडाली १९:१७. नागपुरात खरंच रांग नाही. मुंबईजवळ आल्यावर खाली दिव्यांची तीच ओळ पुन्हा डावीकडे आली, मग पुन्हा. तीन फेऱ्या. वैमानिकाने सांगितलं की उतरायची परवानगी यायची आहे. विमानात सगळे कुरकुरत होते, फोन चाळत होते. एकटे बाबा ताठ बसून, अगदी समाधानाने, "होम सिग्नल मिळाला नाही. घाई करायची नाही." शेजारच्या सीटवर एक कॉलेजचा मुलगा होता. त्याला त्यांनी होम, आउटर आणि स्टार्टर सिग्नलमधला फरक कल्याण यार्डासकट समजावून दिला. तीन फेऱ्या त्यात गेल्या. उतरताना त्या मुलाने त्यांची बॅग काढून दिली आणि "काका, तो बँकर इंजिनचा किस्सा राहिला," म्हणाला.

टेकली २०:४३, घाटकोपरच्या पत्र्यांवरून. मग आमच्या जागेवर दुसरं विमान उभं होतं, ते निघेपर्यंत थांबलो. उभी २०:५५. पाच मिनिटं लेट. हवेत ८६ मिनिटं, जाताना ५९. सत्तावीस मिनिटांचा फरक. त्यातल्या साधारण पंधरा फेऱ्यांच्या, उरलेल्या बारा वाऱ्याच्या आणि वळणाच्या, असा बाबांचा हिशोब. सर, बरोबर आहे का?

येताना मात्र टॅक्सी केली. घरी २२:५८.

आता बाबांचे दोन प्रश्न उरलेत. एक, पाच मिनिटांचा उशीर कोणाच्या नावावर लिहितात? दोन, चॉक काढणाऱ्याची सही कुठल्या वहीत घेतात?


नकाशाचा नाद

बारा मिनिटं वाऱ्याची आणि वळणाची, हे पटण्यासारखं आहे. पाण्याच्या बाटलीची युक्ती मला सुचली नव्हती. वर्ग असता तर उद्याच वापरली असती. (विमानाचं नाक सपाट उडतानाही थोडं वर असतं, तेव्हा मिनिटभर मागे-पुढे धरा. काकांना हे सांगितलंत तर ते माझ्यावर चिडतील, नाही सांगितलंत तरी चालेल.)


सहारची रात्रपाळी

पाच मिनिटं कोणाच्याच नावावर नाहीत. पंधरा मिनिटांच्या आत असलं की हिशोबात ते वेळेवरच. त्याच्या पुढे गेलं की मग कारणाचा कोड टाकावा लागतो, आणि तो कोणाच्या खात्याचा यावर आमच्याकडेही युद्ध होतं. गार्डसाहेबांना ते नवीन नसावं.

चॉकवाल्याची सही नाही घेत. बऱ्याचशा विमानांत आता वेळा आपोआप नोंदल्या जातात. चार असतात: जागेवरून निघाली, चाकं उचलली, चाकं टेकली, जागेवर लागली. तुम्ही वहीतून उतरवलं ते वाचून मी सोबतच्या पोराला दाखवलं, कारण बाबांनी नेमक्या त्याच चार टिपल्यात. त्यांना कोणी सांगितलं होतं का?


गार्डाची लेक

कोणी नाही सांगितलं. दादा, मी त्या दिवशीचं विमान ॲपवर शोधून बघितलं. उडाल्याची, टेकल्याची आणि उभी राहिल्याची वेळ बाबांच्या वहीशी जुळते. जागेवरून निघाल्याची मात्र तिथे १४:४७ आहे, बाबांची १४:४९.


सहारची रात्रपाळी

ब्रेक सुटल्यावर नोंदलं असेल. ब्रेक सुटून टगने प्रत्यक्ष ढकलेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं जातात कधी कधी.


गार्डाची लेक

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, गाडी हलली की सुटली. ब्रेक सुटल्यावर नाही. त्यांना दुरुस्ती करायला सांग.